नावनिशीवार

दसरा उलटतो, दिवाळीची झाडलोट सुरू होते, आणि माळ्यावरच्या ट्रंका, पलंगाखालच्या पेट्या व फडताळांचे वरचे कप्पे वर्षातून एकदा उजेडात येतात, तेव्हा जुन्या घरांतून एक प्रसंग हमखास घडतो. कोणाच्या तरी हाती पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक पिवळसर छायाचित्र लागते, हातातली केरसुणी बाजूला राहते, दोनतीन माणसे भोवती जमतात आणि 'हे कोण?' असा प्रश्न निघतो. या प्रश्नाचे उत्तर देणारे माणूस घरात हयात असेल, तर एका चेहऱ्यामागून दुसरा चेहरा, एका लग्नामागून दुसरे लग्न, एका गावामागून दुसरे गाव असा स्मृतींचा ओघ सुरू होऊन त्या दिवशीची झाडलोट तेथेच थांबते. आणि तसे माणूस नसेल, तर ते छायाचित्र थोडा वेळ हातोहाती फिरून पेटीत परत जाते, व आणखी एखाद्या पिढीनंतर जागेच्या अडचणीपायी रद्दीत पडते. दोन्ही घरांत वस्तू तीच, कागद तोच, चेहऱ्यावरचे भावही तेच. फरक एवढाच की, एका घरात त्या चेहऱ्याला नाव आहे आणि दुसऱ्या घरात ते हरवले आहे.

गेल्या काही काळात हा फरक समजून घेण्यासाठी मी आप्तांच्या आणि परक्यांच्या घरांतल्या पेट्या पाहिल्या, जुन्या छायाचित्रकारांच्या गाठी घेतल्या, तांबट आळीत बसलो, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या चाळल्या. या साऱ्यातून माझी एक खात्री झाली, व ती सांगण्यासाठीच हा लेख आहे. वस्तू जपणे आणि माणूस जपणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम आपण पुष्कळ निष्ठेने केले, परंतु दुसरे, जे एका पेन्सिलीने आणि एका दुपारच्या सवडीने होण्यासारखे होते, ते बहुतेक घरांतून राहून गेले.

छायाचित्रणाची विद्या आपल्याकडे फार लवकर आली. पॅरिसमध्ये दागेरची कृती १८३९ साली जाहीर झाली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झालेली होती, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतःच कसलेले छायाचित्रकार होते, आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ही विद्या शिकवण्याचा वर्ग उघडला गेला. तथापि मुंबईच्या विद्वन्मंडळींनी कौतुकाने उचललेल्या या विद्येकडे सामान्य गृहस्थ दीर्घकाळ संशयानेच पाहत होता. पुढे चित्रपटाचे जनक म्हणून कीर्ती पावलेल्या दादासाहेब फाळक्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला; तेथे प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दगावले, आणि नंतर बडोद्यास तोच व्यवसाय पुन्हा उभारू पाहताच, छबी काढल्याने माणसाची शक्ती जाते व आयुष्य घटते, हा लोकांचा समज त्यांच्या आड आला.

हा समज मागे पडल्यावरही छायाचित्र ही नित्याची गोष्ट झाली नाही. ते काढवून घेण्यास निमित्त लागे, पैसा लागे, पुष्कळदा तालुक्याच्या गावी जावे लागे. मौंज, लग्न, परीक्षेतील यश, नोकरीतून निवृत्ती, मुलगी दाखवण्याचा प्रसंग, आणि कधी कधी आसन्नमरण वडीलधाऱ्याची शेवटची आठवण, एवढ्यासाठीच छायाचित्रकाराला वर्दी जाई. रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा, कोरीव पायांची खुर्ची, तिवईवरची फुलदाणी, पुरुष बसलेला व स्त्री त्याच्या मागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, हा थाट घराघरांतून इतका एकसारखा आढळतो की, नाव पुसले गेल्यावर एका घराण्याचे आजोबा दुसऱ्या घराण्याच्या आजोबांपासून ओळखणे कठीण व्हावे.

सातारा जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी तीन पिढ्यांचा स्टुडिओ चालवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मला त्यांच्या मागल्या खोलीत नेले. भिंतीलगत खाचा पाडलेल्या लाकडी पेट्या होत्या व त्यांत काचेच्या निगेटिव्ह उभ्या लावलेल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी कडांना धरून खिडकीसमोर उचलली. केस पांढरे आणि चेहरा काळा अशी ती उलटी प्रतिमा एका नऊवारी नेसलेल्या तरुण मुलीची होती. नथीचे मोती काळ्या ठिपक्यांसारखे उमटले होते, गालावर आणि कपाळावर, देवीचे व्रण झाकण्यासाठी असेल, शिसपेन्सिलीच्या बारीक रेघांचे काम होते, आणि कोपऱ्यात काचेवर एक आकडा खरवडलेला होता. त्या आकड्यावरून नाव, गाव आणि तारीख सांगणारी नोंदवही त्यांच्या आजोबांनी चोख ठेवली होती. ती एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. "काचा राहिल्या, वही गेली," ते म्हणाले. "सगळी माणसं आहेत हो या पेट्यांत, पण हाक कोणाच्या नावानं मारायची?"

वही गेली म्हणजे काय जाते, हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याचे कारण नसावे. कारण आपला इतिहासच मुळी घरोघरच्या माळ्यांवरून, कणग्यांतून आणि रुमालांतून वेचून काढावा लागला आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे एकंदर २२ खंड सिद्ध केले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, ज्यांच्या पूर्वजांचे कागद होते त्यांच्या दारी बसले, आणि कसर, वाळवी व ओल यांच्या तावडीतून जे सुटले ते उतरवून घेतले. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरावर सारे आयुष्य वेचले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. या तिघांनाही एका गोष्टीने सारखेच छळले: पत्र लिहिणाराने तिथी घातली आहे, चंद्र घातला आहे, परंतु साल घातलेले नाही. लिहिणाराला व वाचणाराला ते ठाऊकच होते, मग लिहावयाचे कशाला? त्या न लिहिलेल्या एका आकड्यापायी संशोधकांना पत्रातला सारा मजकूर अन्य पत्रांशी ताडून पाहावा लागला. आपल्या घरातील छायाचित्रांची स्थिती हीच आहे. ज्या दिवशी ते काढले त्या दिवशी त्यातला प्रत्येक जण सर्वांच्या परिचयाचा होता, म्हणूनच मागे काही लिहिलेले नाही.

आमच्या घरी असे एक छायाचित्र आहे. ते १९४१ साली, माझ्या थोरल्या काकांच्या मुंजीच्या वेळी, नारायण पेठेतील आमच्या वाड्याच्या चौकात काढलेले आहे. मध्ये खुर्च्यांवर पणजोबा आणि व्याही मंडळी, मागे उपरणी सावरून उभे असलेले पुरुष, डाव्या अंगाला स्त्रिया, पुढे सतरंजीवर मुले. हे चित्र मी लहानपणापासून पाहत आलो होतो आणि ते मला पूर्ण माहीत आहे अशी माझी समजूत होती. नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या माझ्या आत्याने ते या वर्षी हाती घेतले, चष्मा कपाळावर सारून ते डोळ्यांजवळ नेले, आणि माणसे सांगण्याऐवजी उजव्या कडेवर बोट ठेवले.

"ही चौकट दिसते ना ओसरीची? नीट बघ, चार बोटं आहेत."

खरोखरच होती. ओसरीच्या दाराच्या लाकडी चौकटीवर, आतल्या अंधारातून बाहेर आलेली चार बोटे, थोडे रिकामे मनगट, आणि त्याखाली आलवणाचा हातभर गडद काठ, एवढेच काय ते कॅमेऱ्याने टिपले होते.

"त्या काकूआजी. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या बायको. समोर कशा येणार? मुंजीचं घर. पण बघायची हौस दांडगी, म्हणून दाराशी आल्या. आणि पुढच्या रांगेतली ही हललेली पोर आहे ना, ती मी. फोटोवाला 'हलू नका' म्हणाला, आणि मी नेमकी त्यांच्याकडे वळून बघितलं."

चौकात पावसाळी उजेड असावा, काचेच्या प्लेटीस अर्धा पाऊण सेकंद प्रकाश द्यावा लागत असावा. तेवढ्यात पाच वर्षांची ती मुलगी वळली आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका झोत उमटला. आजवर आम्ही तो छायाचित्राचा दोष समजत होतो. आता त्या झोताची दिशा मला कळली. वाड्यातील ज्या माणसाला छायाचित्रात जागा नव्हती, त्याच्याकडे वळलेली ती एकमेव मान होती.

काकूआजींचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि पुण्यातल्या प्लेगच्या पहिल्या लाटेत, १८९७ साली, त्यांचे यजमान गेले. त्यानंतरचे अर्धशतकाहून अधिक आयुष्य त्यांनी आमच्या वाड्यात काढले. घरातील बाळंतपणे त्यांनी केली, आजारपणे काढली, उन्हाळ्यातील वाळवणे, लोणच्याच्या बरण्या आणि पुरणावरणाचे स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली झाले, आजोबांना पाढे व आत्याला शिवलीलामृत त्यांनी तोंडपाठ शिकवले. १९५४ साली त्या वारल्या. त्यांचे एकही छायाचित्र नाही, या चार बोटांखेरीज. आणि आत्यापाशी ही चार बोटे ओळखण्याइतकी आठवण नसती, तर तेही नाही असेच म्हणावे लागले असते.

यापुढील हकीकत पुण्याच्या पुराची आहे. पानशेतचे मातीचे धरण काम पुरते होण्याआधीच भरले, ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरण्याची शर्थ केली, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले, आणि खाली असलेले खडकवासल्याचे धरणही त्या लोंढ्यापुढे तगले नाही. मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. आमचे वाड्यातील लोक देवांचा संपुष्ट, दागिन्यांचा डबा आणि पोरेबाळे घेऊन उंचावरच्या नातलगांकडे गेले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा खालच्या मजल्यावर गुडघाभर गाळ होता, आणि माडीवरच्या फडताळातली छायाचित्रे भिजून एकमेकांना चिकटली होती. छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि सुकताना शेजारच्या कागदास धरून बसतो. आत्याने आणि तिच्या भावंडांनी ती स्वच्छ पाण्यात पुन्हा भिजवून, एकेक सोडवून, दोरीवर टाचण्यांनी वाळत घातली. पुष्कळ गेली. मुंजीचे छायाचित्र जाड पुठ्ठ्यामुळे आणि काचेच्या चौकटीमुळे बचावले.

त्या दिवसांत आळीच्या तोंडाशी गाळातून निघालेल्या भांड्यांचा ढीग लागला होता. आपल्याकडे लग्नामुंजीत दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे. कोणी, कोणास, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या साली दिले ते छिन्नीच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेले असते. तांबट आळीत आजही मठारकामाच्या ठोक्यांमध्ये एखाद्या दुकानाच्या पायरीवर हा नाव घालण्याचा बारीक ठोका वेगळा ऐकू येतो. आमच्या आळीतल्या पोरांनी प्रत्येक भांडे पुसून त्यावरचे नाव मोठ्याने वाचावे आणि ज्याचे त्याने पुढे होऊन न्यावे, असा क्रम चालला होता. पातेली, घंगाळे, परात, एकेक घरी गेले. त्याच गाळात छायाचित्रेही निघत होती, काही अगदी सुस्थितीत. पण त्यांच्या मागे काही लिहिलेले नसल्यामुळे, आणि ज्यांची ती होती ती कुटुंबे दूर छावण्यांत विखुरली असल्यामुळे, ती कोणाच्याच हवाली करता आली नाहीत.

ढिगात एक तांब्याची कळशी होती. तिच्यावर शके १८१७ हे साल, 'मामांकडून' एवढा मजकूर आणि एका मुलीचे माहेरचे नाव होते. पोरांनी ते नाव वाचले, पुन्हा वाचले, आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पुकारले. कोणी पुढे झाले नाही, कारण त्या नावाचे कोणी आळीत नव्हते. आत्याही तेथेच उभी होती आणि तिनेही ते नाव कधी ऐकले नव्हते. तेवढ्यात गाळ उपसत असलेले माझे आजोबा फावडे टाकून आले, कळशी हाती घेऊन त्यांनी अंगठ्याने अक्षरे चाचपली आणि म्हणाले, "आमची आहे. आमच्या काकूंची आहे." ज्या बाईच्या मांडीवर आत्या लहानाची मोठी झाली, तिचे मूळ नाव आत्याला त्या दिवशी, तिच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, चिखलात उभे असताना कळले.

कळशी घरी आली ती नावामुळे. पण नुसत्या नावामुळे नव्हे, ते नाव ओळखणारा एक इसम तेव्हा तेथे हजर होता म्हणून. धातूवर कोरलेली अक्षरेसुद्धा एकटी पुरी पडत नाहीत. नाव, नाते आणि ते नाते जाणणारा माणूस या तिहींची साखळी अखंड असेल तोवरच वस्तू घरची राहते. साखळीचा शेवटचा दुवा मर्त्य असल्याने, त्याच्या हयातीतच त्याचे ज्ञान कागदावर उतरणे अवश्य आहे.

आपल्या समाजात हे शास्त्र अज्ञात होते असे नाही. नाशिकला रामकुंडाजवळ एका तीर्थोपाध्यायांच्या घरी मी गेलो. त्यांनी आडनाव विचारले, मूळ गाव विचारले, आणि मागल्या दालनातून लांबट वही आणून पान काढून दिले. तीर्थयात्रेस आलेल्या माझ्या पूर्वजांची नावे, भावांची, मुलांची, काही ठिकाणी बायकांचीही, कोठून आले, कोणत्या निमित्ताने आले, आणि शेवटी स्वहस्ताची सही. जुनी पाने मोडीत होती. मोडी शाळांतून गेली आणि ती वाचणारे थोडे उरले, त्यामुळे घरोघर कागद असूनही ते मुके झाले आहेत. येथे मात्र गुरुजींनी बोट फिरवीत ती सहज वाचून दाखवली. क्षेत्रोपाध्यायांच्या या वह्यांत कोणाचीही छबी नाही, परंतु माणसे नावनिशीवार जागच्या जागी आहेत. आमच्या अल्बमांत छब्या आहेत आणि माणसे नाहीत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हाच विचार निराळ्या वाटेने मनात आला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, पानदाने, दौती, काजळाच्या डब्या, स्वयंपाकघरातली भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर हिंडून गोळा केल्या, आणि बालपणीच वारलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. दालनातील अडकित्त्यांपुढे उभे राहिले की कारागिराच्या हाताचे कौतुक वाटते. पण तो अडकित्ता रोज कोणाच्या हाती असे, हे आता जाणता येत नाही. एक नाव मात्र सर्व दालनांवर आहे, आणि ते पाहणाराला त्या अल्पायुषी मुलाची विचारपूस करावयास लावते. बापाने मुलाची खेळणी जपून ठेवली असती तर ती एका घरापुरती राहिली असती. त्याने नाव दिले, म्हणून तो मुलगा सर्वांचा झाला.

आता व्यवहाराचे थोडे. घरातील जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत चांदीचे कण असतात, ती नीट ठेवल्यास शंभर वर्षेही सहज टिकतात. रंगीत छायाचित्रांचे रंग मात्र उजेडाने उडतात, म्हणून त्यांची काळजी आधी घ्यावी. प्लास्टिकचे चिकट पान असलेले अल्बम चांगले नव्हेत, त्यांतला गोंद कागद पिवळा करतो. जुनी काळ्या कागदाची, कोपरे लावण्याची आणि मध्ये पातळ कागद घालण्याची पद्धतच उत्तम. बाहेरच्या भिंतीला लागून पेटी ठेवू नये, ओल येते आणि ओलीबरोबर बुरशी व कसर येते. कोकणात तर पावसाळ्यानंतर एकदा सारे उघडून हवेशीर जागी, परंतु उन्हात नव्हे, ठेवावे. मागे लिहावयाचे ते मऊ पेन्सिलीने, कडेला, हात न दाबता. बॉलपेनची रेघ पुढून उठून दिसते आणि शाई पाझरते. मोबाईलमधून छायाचित्राची प्रत काढून नातलगांना पाठवावी, म्हणजे एका घरी आपत्ती आली तरी दुसऱ्या घरी ती राहील. मोबाईल तारीख आपोआप नोंदवतो, नाते नोंदवत नाही. आज हजारोंनी निघणाऱ्या छायाचित्रांवर उद्या तोच प्रसंग येणार आहे.

आम्ही आत्याजवळ बसून एक नोंदवही केली आहे. मुंजीच्या छायाचित्राचा एक आराखडा काढून त्यातील प्रत्येक आकृतीस क्रमांक दिला, आणि क्रमांकापुढे नाव, माहेरचे नाव, नाते, गाव, जन्ममृत्यूची ठाऊक असतील ती साले आणि त्या माणसाची आत्याला आठवणारी एक गोष्ट, असा तपशील घातला. चौकटीवरच्या बोटांनाही क्रमांक दिला आहे, आणि त्यापुढे कळशीवरचे नाव आहे. हे काम करताना एक अनुभव वारंवार आला, तो वाचकांच्या उपयोगी पडेल. मध्यभागी बसलेल्यांची माहिती सर्वांनाच असते; त्यांची नावे सनदेत, सातबाऱ्यावर, कुलवृत्तांतात, सरकारी दप्तरात कोठे ना कोठे सापडतात. दारात उभी राहिलेली विधवा, पाण्याचे तांबे घेऊन जाताना अर्धी आलेली मोलकरीण, परगावाहून शिकायला येऊन वार लावून जेवणारा विद्यार्थी, मूल कडेवर घेऊन मागे सरलेली दाई, यांची नोंद दुसरीकडे कोठेही नाही; ती केवळ एखाद्या वृद्धेच्या स्मरणात आहे आणि तिच्याबरोबर जाणार आहे. म्हणून या दिवाळीत भाऊबीजेला माणसे एकत्र जमतील तेव्हा पेटी उघडावी, घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या हाती छायाचित्र द्यावे, पेन्सिल घेऊन शेजारी बसावे, आणि विचारण्यास आरंभ करावा तो कडेच्या माणसांपासून.